अपरिवर्तनीय प्रक्रियांची उष्मागतिकी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात उष्मागतिकी, म्हणजे उष्णता आणि काम यांचं शास्त्र, पुस्तकाबाहेरच जास्त भेटते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्र्या, उसाची गुऱ्हाळं, साखर कारखाने, खानापूरची मडकी आणि कौलं, गोकाकचा धबधबा ही सगळी तिचीच ठिकाणं. दहावीपर्यंत मराठीतून शिकून पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकदम इंग्रजीतून सायन्स घेतलेली मुलं, डिप्लोमा-इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आणि प्रत्यक्ष भट्टीवर उभी राहणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथं एकत्र केले आहेत. काही उत्तरं चार ओळींत आटोपतात. काहींना जागा लागते, तिथं ती दिली आहे.

अपरिवर्तनीय प्रक्रिया म्हणजे जी उलटी होतच नाही ती, असं समजायचं का?

नाही. उलटी होऊ शकते, पण तिला उलटं फिरवताना भोवतालच्या जगात कुठंतरी कायमचा बदल मागं राहतोच. फ्रीज उष्णतेला थंड डब्यातून बाहेरच्या उबदार हवेत ढकलतो, म्हणजे तिच्या नेहमीच्या वाटेच्या उलट नेतो. पण त्यासाठी वीज लागते, आणि ती वीज शेवटी स्वयंपाकघराच्या हवेत उष्णता होऊन मिसळते. पूर्ण हिशोब मांडला की जग पहिल्या जागेवर आलेलं नसतं.

तापमानात फरक असताना उष्णता वाहणं, घर्षण, दोन वायू किंवा द्रव एकमेकांत मिसळणं, तारेतून वीज जाणं, रासायनिक क्रिया वेगानं होणं, या सगळ्या अपरिवर्तनीय प्रक्रिया. खरं तर प्रत्यक्षात घडणारी प्रत्येक प्रक्रिया अशीच असते. पुस्तकातली परिवर्तनीय प्रक्रिया ही एक सीमा आहे. ती गाठायची तर कामाचा वेग शून्यावर आणावा लागेल.

गोकाकच्या धबधब्यात ऊर्जा वाया जाते का?

ऊर्जा जात नाही, तिच्याकडून काम करून घेण्याची संधी जाते. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर हा विषय निम्मा समजला.

घटप्रभा तिथं साधारण ५२ मीटर खाली पडते. एक किलो पाणी एवढ्या उंचीवरून आलं की सुमारे ५१० जूल ऊर्जा सुटते. ती आधी वेगात, मग भोवऱ्यांत आणि शेवटी उष्णतेत जाते. बाष्पीभवनाचा परिणाम बाजूला ठेवला तर खालच्या डोहातलं पाणी वरच्यापेक्षा ०.१२ अंशानं गरम असायला हवं. ५१० जूल जसेच्या तसे पाण्यातच आहेत. पण ०.१२ अंशांच्या फरकावर कुठलंही यंत्र चालवून ते ५१० जूल परत मिळवता येणार नाहीत. तापमान ३०० केल्विन धरलं, तर किलोमागे ५१० भागिले ३००, म्हणजे १.७ जूल प्रति केल्विन एवढी नवी एंट्रॉपी तयार झाली. एंट्रॉपी म्हणजे उष्णता भागिले तापमान अशी मोजायची राशी; ती जेवढी नव्यानं तयार होते, तेवढी कामाची संधी जाते. ही परत घेता येत नाही.

तेच पाणी नळातून टर्बाइनवर सोडलं तर त्या ५१० जूलांतला मोठा वाटा फिरत्या दांड्यावर मिळतो. गोकाकची सूतगिरणी एकोणिसाव्या शतकातच या पाण्याच्या ताकदीवर चालू लागली. पाणी तेच आणि उंचीही तीच. वाट बदलली की एंट्रॉपीची निर्मिती बदलते.

पीयूसीला उष्मागतिकी शिकलो. मग हे वेगळं काय आहे?

पीयूसीत आपण सुरुवातीची अवस्था आणि शेवटची अवस्था पाहतो. दाब, घनफळ, तापमान इथून तिथं गेलं, काम किती, उष्णता किती. मधे किती वेळ लागला हे कुठल्याच सूत्रात नसतं. सादी कार्नोनं १८२४ मध्ये इंजिनाच्या क्षमतेची कमाल मर्यादा सांगितली. रुडॉल्फ क्लॉसियसनं १८६५ मध्ये एंट्रॉपी हे नाव दिलं आणि विश्वाची एंट्रॉपी वाढत जाते असा नियम मांडला. पण तो नियम "वाढते" एवढंच सांगतो. किती वेगानं, कुठल्या जागी, कशामुळं, याचं उत्तर जुन्या उष्मागतिकीत नाही. अपरिवर्तनीय प्रक्रियांची उष्मागतिकी तिथून सुरू होते.

वेळेनं काय फरक पडतो हे फौंड्रीतल्या माणसाला सांगावं लागत नाही. बिडाचा रस ओतला. कार्बन साडेतीन टक्क्यांच्या आसपास, सिलिकॉन दोन टक्के, सगळा रस एकाच लाडलमधला, म्हणजे ओतायच्या एकाच भांड्यातला. कास्टिंगच्या जाड भागात तो सावकाश थंड झाला, कार्बनला ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात बाहेर पडायला सवड मिळाली आणि करड्या रंगाचं, सहज मशीन होणारं बीड तयार झालं. त्याच कास्टिंगच्या पातळ कडेला किंवा कोपऱ्यात रस झपाट्यानं गोठला. तिथं कार्बन लोखंडाशी जखडून सिमेंटाइट झाला, बीड पांढरं आणि काचेसारखं कठीण झालं. लेथवर टूल त्या जागी आलं की करकरतं आणि त्याची धार जाते. कामगार त्याला "चिल मारलंय" म्हणतात. समतोलाच्या नियमांनी विचारलं तर उत्तर दोन्हीकडं एकच येतं: ग्राफाइट. प्रत्यक्षात काय झालं हे थंड होण्याच्या वेगानं ठरवलं. म्हणून तर ओतण्याआधी रसात फेरोसिलिकॉनचं इनॉक्युलंट टाकतात. त्यानं ग्राफाइटला धरायला जागा मिळतात आणि वेगाच्या शर्यतीत तो मागं पडत नाही.

पण वस्तू समतोलात नसेल तर तिचं "तापमान" तरी कसं सांगायचं?

हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी विषयाच्या मुळाशी पोचलेला असतो. उत्तर असं: अख्खी वस्तू समतोलात नसली तरी तिचा अगदी छोटा तुकडा घेतला तर तो जवळजवळ समतोलात असतो. तुकडा एवढा लहान हवा की त्यात तापमान सगळीकडं सारखं मानता येईल, आणि एवढा मोठा हवा की त्यात अब्जावधी रेणू असतील. मग प्रत्येक तुकड्याला स्वतःचं तापमान, दाब आणि एंट्रॉपी देता येते. याला स्थानिक समतोलाचं गृहीतक म्हणतात. भट्टीची भिंत, नदीचं पाणी, वातावरण, पेशीतला द्रव या सगळ्यांना ते चालतं. स्फोटाच्या धक्कालाटेच्या आत किंवा अतिविरळ वायूत ते कोसळतं.

एंट्रॉपी वाढली याचा पैशात काही हिशोब लागतो का?

लागतो. गुई आणि स्टोडोला या दोघांच्या नावानं एक साधा नियम आहे: वाया गेलेलं काम म्हणजे भोवतालचं तापमान गुणिले तयार झालेली एंट्रॉपी.

समजा भट्टीच्या १००० केल्विनच्या भिंतीतून १००० जूल उष्णता ३०० केल्विनच्या हवेत गेली. भिंतीनं १ जूल प्रति केल्विन एंट्रॉपी गमावली, हवेला ३.३३ मिळाली. नवी तयार झाली २.३३. तिला ३०० नं गुणा: ७०० जूल. म्हणजे आदर्श यंत्र मधे ठेवलं असतं तर ७०० जूल काम मिळालं असतं. ते काहीच न करता हवेत गेलं. आता तीच १००० जूल उष्णता ३२० केल्विनच्या कोमट नळीतून गेली असती तर? नुकसान फक्त ६२ जूल. उष्णता दोन्हीकडं सारखी, पण तिचं मोल सारखं नाही. "किती युनिट उष्णता बाहेर गेली" एवढंच मोजणारा एनर्जी ऑडिट हा फरक पकडत नाही, आणि म्हणून मला तो अपुरा वाटतो. तापमानाची सर्वांत मोठी पायरी कुठं उतरली ते आधी शोधावं.

गुऱ्हाळात जळण जास्त लागतं ते का? साखर कारखाना त्याच चिपाडांवर वीज कशी विकतो?

हा आमच्या भागाचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर.

गुऱ्हाळात चुलाणात चिपाडं जळतात आणि वर काहीलीत रस उकळतो. ज्वाळेचं तापमान १२०० केल्विनच्या आसपास धरू. रस उकळतो ३७३ केल्विनला, गूळ उतरायच्या वेळी पाक ११८-१२० अंश सेल्सियसपर्यंत जातो. ज्वाळेकडच्या १००० जूलांतून ३०० केल्विनच्या भोवतालात जास्तीत जास्त ७५० जूल काम निघू शकतं. तीच उष्णता ३७३ केल्विनच्या रसात पोचली की तिच्यातून फक्त १९६ जूल काम निघू शकतं. मधले ५५४ जूल काहीलीच्या पत्र्यापाशी, ज्वाळ आणि रस यांच्यातल्या त्या आठशे अंशांच्या उडीत संपले. एक थेंबही वाफ व्हायच्या आधी. मग रसातून निघालेली वाफ, जी पाण्याच्या प्रत्येक किलोमागे सुमारे २२५७ किलोजूल घेऊन जाते, ती छपरातून वर निघून जाते. धुराड्यातून जाणारी उष्णता वेगळीच.

साखर कारखाना हीच उडी टप्प्याटप्प्यानं उतरतो. बॉयलरमध्ये साठ-सत्तर बार किंवा त्याहून जास्त दाबाची वाफ करतो. ती आधी टर्बाइन फिरवते, म्हणजे उडीतला वरचा मोठा भाग वीज होतो. टर्बाइनमधून बाहेर पडलेली, सव्वाशे अंशांच्या आसपासची वाफ रस आटवायला वापरतात. तिथंही एकदाच नाही. पहिल्या भांड्यात रसातून निघालेली वाफ दुसऱ्या भांड्यातला रस उकळवते, दुसऱ्याची तिसऱ्याला. पुढच्या भांड्यांत दाब कमी कमी ठेवतात, त्यामुळं शेवटच्या भांड्यात रस निर्वातात ५५-६० अंशांनाच उकळतो. चार भांडी असतील तर एक किलो वाफेत साधारण चार किलो पाणी उडतं. ही युक्ती न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलेल्या नॉर्बर्ट रिलिएक्स या इंजिनिअरची. त्याचं पहिलं पेटंट १८४३ चं, म्हणजे एंट्रॉपी हे नाव जन्मायच्या बावीस वर्षं आधीचं. एका मोठ्या पायरीऐवजी चार लहान पायऱ्या केल्या की निर्माण होणारी एंट्रॉपी घटते, हे त्यानं भांडी मांडून दाखवलं.

मात्र याला किंमत आहे. पायरी लहान म्हणजे रेटा कमी, रेटा कमी म्हणजे तेवढ्याच उष्णतेला जास्त पत्रा, जास्त नळ्या लागतात. दहाव्या भांड्याचा खर्च वाचलेल्या जळणातून निघत नाही. गुऱ्हाळवाल्यानं निर्वात भांडी घ्यावीत असं मी म्हणणार नाही. पण धुराड्याकडं जाणाऱ्या गरम वायूवर दुसरी काहील ठेवून रस आधी तापवून घेणं परवडतं, आणि तो अगदी याच शास्त्राचा उपयोग आहे.

"प्रवाह" आणि "रेटा" हे शब्द सारखे येतात. त्यांचा अर्थ काय?

प्रवाह म्हणजे दर सेकंदाला काय किती वाहतं: उष्णता, वीज, मीठ, पाणी. रेटा म्हणजे ते कशामुळं वाहतं: तापमानातला फरक, व्होल्टेज, संहतीतला (विरघळलेला पदार्थ किती दाट आहे यातला) फरक. फरक फार मोठा नसेल तर प्रवाह रेट्याच्या प्रमाणात असतो. फूरियेनं १८२२ मध्ये उष्णतेसाठी, ओमनं १८२७ मध्ये विजेसाठी आणि फिकनं १८५५ मध्ये विरघळलेल्या पदार्थासाठी हेच लिहिलं. प्रत्येक प्रवाह त्याच्या रेट्यानं गुणून सगळ्यांची बेरीज केली की एंट्रॉपी निर्मितीचा वेग मिळतो. मात्र रेटा योग्य रूपात मांडावा लागतो. उष्णतेसाठी तो तापमानाच्या व्यस्ताचा फरक असतो. ही बेरीज कधीच ऋण होत नाही.

बेरीज ऋण होत नाही, एकेक पद होऊ शकतं. एक प्रवाह आपल्या रेट्याच्या उलट दिशेनं वाहू शकतो, दुसरा त्याची भरपाई करत असेल तर. सजीवांचं सगळं कामकाज या सवलतीवर चालतं.

लार्स ऑनसागरनं नेमकं काय शोधलं?

तापमानातला फरक फक्त उष्णताच वाहवत नाही, वीजही वाहवतो. विजेचा रेटा फक्त वीजच नाही, उष्णताही ओढून नेतो. संहतीतला फरक उष्णता वाहवतो, तापमानातला फरक मीठ वाहवतो. असे जोडप्रवाह एकोणिसाव्या शतकातच सापडले होते. सीबेक १८२१, पेल्तिए १८३४, लुडविग १८५६, ड्यूफोर १८७३, सोरे १८७९. प्रत्येक जण आपापला परिणाम मोजत होता आणि प्रत्येकाचा गुणांक, म्हणजे ठरावीक रेट्यामागे प्रवाह किती तो आकडा, स्वतंत्र दिसत होता.

ऑनसागरनं १९३१ मध्ये दोन शोधनिबंधांत सिद्ध केलं की हे गुणांक जोडीजोडीनं समान असतात. तापमानाचा रेटा विजेला जेवढ्या गुणांकानं ओढतो, विजेचा रेटा उष्णतेला बरोबर तेवढ्याच गुणांकानं ओढतो. हे कुठल्या एका धातूपुरतं किंवा द्रवापुरतं नाही. समतोलाच्या जवळ असलेल्या कुठल्याही पदार्थाला लागू. चुंबकीय क्षेत्र असेल तर त्याची दिशा उलटी धरावी लागते, एवढीच अट.

सिद्धता मला आजही थक्क करते. रेणूंच्या पातळीवर गतीचे नियम पुढं-मागं सारखेच चालतात. चित्रफीत उलटी फिरवली तरी रेणूंची टक्कर नियमबाह्य दिसत नाही. आणि समतोलातही रेणूंच्या हालचालीमुळं छोटे चढउतार सतत होत असतात. ऑनसागरनं मानलं की असा आपोआप झालेला छोटा चढउतार ज्या रीतीनं विरतो, त्याच रीतीनं आपण मुद्दाम निर्माण केलेला फरकही विरतो. या दोन गोष्टींतून समानता निघाली. म्हणजे पुढं-मागं सारख्या चालणाऱ्या रेणूंच्या नियमांतून, कधीच मागं न फिरणाऱ्या प्रक्रियांबद्दलचा नियम मिळाला.

ओस्लोत १९०३ मध्ये जन्मलेल्या या माणसानं हे काम ट्रॉन्डहाइमच्या आपल्या तंत्रमहाविद्यालयाकडं डॉक्टरेटसाठी पाठवलं, तेव्हा ते पुरेसं नाही म्हणून स्वीकारलं गेलं नाही. १९६० मध्ये त्याच संस्थेनं त्याला सन्मान्य डॉक्टरेट दिली आणि १९६८ मध्ये याच कामासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

याचा कामाच्या जागी पुरावा दिसतो का?

उद्यमबागेतल्या कुठल्याही फौंड्रीत दिसतो. रस ओतायच्या आधी एक जण लांब दांड्याच्या टोकाला पुठ्ठ्याच्या नळीतली टिप बसवतो आणि रसात बुडवतो. काही सेकंदांत डब्यावर आकडा येतो, १४००च्या आसपास. टिपेत प्लॅटिनम आणि प्लॅटिनम-ऱ्होडियम अशा दोन बारीक तारा जोडलेल्या असतात, म्हणजे थर्मोकपल. नव्वद टक्के प्लॅटिनम, दहा टक्के ऱ्होडियमच्या जोडीत १४०० अंशांना सुमारे १४ मिलिव्होल्ट तयार होतात. एक टोक गरम आणि एक टोक गार असल्यामुळं इलेक्ट्रॉन ढकलले जातात, तोच सीबेक परिणाम.

विल्यम थॉमसन म्हणजे लॉर्ड केल्विन. त्यानं १८५० च्या दशकात सीबेक आणि पेल्तिए यांच्यातलं नातं लिहिलं: पेल्तिए गुणांक म्हणजे सीबेक गुणांक गुणिले तापमान. (पेल्तिए परिणाम हा सीबेकच्या उलटा: वीज सोडली की जोड गार किंवा गरम होतो.) पण त्याची सिद्धता पक्की नव्हती आणि ते त्यालाही जाणवत होतं. तारेत उष्णताही वाहत असताना ती जणू वाहत नाही असं धरून त्यानं परिवर्तनीय उष्मागतिकी वापरली होती. प्रयोगात नातं खरं उतरत होतं. कारण कळायला ऑनसागरपर्यंत थांबावं लागलं.

बिस्मथ टेलुराइडसारख्या अर्धवाहकात सीबेक गुणांक केल्विनमागे सुमारे २०० मायक्रोव्होल्ट असतो. ३०० केल्विनला गुणलं की ०.०६ व्होल्ट. म्हणजे एक अँपिअर वीज सोडली की जोडापाशी सेकंदाला ०.०६ जूल उष्णता शोषली जाते. छोट्या इलेक्ट्रॉनिक फ्रीजमध्ये असे पुष्कळ जोड एकापाशी एक मांडलेले असतात. उलट दिशेनं वापर व्हॉयेजर यानांत आहे. १९७७ मध्ये निघालेल्या या यानांवर प्लुटोनियमच्या उष्णतेवर सिलिकॉन-जर्मेनियमचे जोड वीज तयार करतात. त्यात एकही फिरता भाग नाही.

खानापूरच्या कुंभारकामात याचा काही संबंध?

आहे, आणि तो मला फार आवडतो. खानापूरला खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्था आहे. मातीच्या या गावात कच्चं भांडं सावलीत सुकवायचं हे मुलांनाही माहीत असतं. उन्हात ठेवलं तर तडकतं.

मुख्य कारण असं की वरचा थर आधी सुकून आकसतो, आतला ओलाच राहतो, आणि ताणानं भेग पडते. पण आणखी एक गोष्ट घडते. ओलावा दोन रेट्यांनी हलतो: ओल्या भागाकडून कोरड्याकडं आणि गरम भागाकडून गारकडं. बाहेरून तापवलं की पृष्ठभाग गरम, गाभा गार. पहिला रेटा पाण्याला बाहेर काढतो, दुसरा त्याला आत ढकलतो. दोन्ही एकमेकांविरुद्ध. सोव्हिएत शास्त्रज्ञ लुईकॉव्ह यांनी उष्णता आणि ओलावा यांच्या या जोडप्रवाहाची समीकरणं मांडली, आणि धान्य, लाकूड, विटा वाळवण्याच्या यंत्रांचा हिशोब आजही त्यांवर बसतो. म्हणून टाईल्सच्या ड्रायरमध्ये आधी दमट गरम हवा सोडून माल आतपर्यंत तापू देतात आणि मग हवा कोरडी करतात. तापमानाचा विरोधी उतार आधीच काढून टाकला जातो.

गावातल्या आरओ प्लांटमध्ये पडदा पाणी सोडतो आणि क्षार अडवतो, त्यात उष्मागतिकी कुठं आली?

पडद्यातून पाणी आणि क्षार एकमेकांना घासत जातात, त्यामुळं दोघांसाठी वेगवेगळे नियम लिहून भागत नाही. केडेम आणि काचाल्स्की यांनी १९५८ मध्ये ऑनसागरची पद्धत पडद्यांना लावली. दोन प्रवाह, दोन रेटे, म्हणजे चार गुणांक. ऑनसागरच्या समानतेमुळं उरले तीन: पाणी किती सहज जातं, क्षार किती झिरपतो, आणि पडदा क्षाराला किती परतवतो. तिसऱ्याला परावर्तन गुणांक म्हणतात. तो १ असेल तर पडदा क्षाराला पूर्ण अडवतो, ० असेल तर अडवतच नाही. डायलिसिसचा पडदा, रक्तपेशीचं आवरण आणि आरओचा पडदा ही तिन्ही या तीन आकड्यांत मांडता येतात.

बोअरच्या पाण्यात लिटरला एक ग्रॅम मीठ असेल तर त्याचा ऑस्मॉटिक दाब एक बारपेक्षाही कमी असतो. एक हजार लिटर पाणी गोडं करायला तत्त्वतः ०.०२ युनिटच्या आसपास वीज पुरेल. प्लांटचा पंप मात्र कितीतरी पट दाब देतो. कारण तेवढ्याच दाबावर पाणी थेंबाथेंबानं सुद्धा येणार नाही. रांगेत घागरी असतात, लोकांना पाणी आज हवं असतं, आणि वेग हवा तर एंट्रॉपी तयार होणारच.

मग वेग आणि क्षमता यांत मधला मार्ग कोणता?

कार्नोची क्षमता मिळवायची तर इंजिन अनंत सावकाश चालवायला हवं, म्हणजे पॉवर शून्य. कर्झन आणि आल्बॉर्न यांनी १९७५ मध्ये विचारलं, जास्तीत जास्त पॉवर देणाऱ्या इंजिनाची क्षमता किती? उष्णता इंजिनात शिरताना आणि बाहेर पडतानाच काय ते नुकसान होतं असं धरून उत्तर आलं: एक वजा थंड आणि गरम तापमानांच्या गुणोत्तराचं वर्गमूळ. त्यांनी इंग्लंडमधल्या कोळशावरच्या एका वीजकेंद्राचं उदाहरण घेतलं. ५६५ आणि २५ अंश सेल्सियस. कार्नोची मर्यादा ६४ टक्के, नव्या सूत्रानं ४० टक्के, प्रत्यक्षात ३६. एवढ्या साध्या सूत्राला हे चांगलं यश आहे. ते सगळ्याच इंजिनांना लागू पडत नाही, हेही पुढच्या संशोधनातून पक्कं झालं.

सजीव प्राणी एंट्रॉपीचा नियम मोडतात का?

नाही. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.३ जूल प्रति केल्विन एंट्रॉपी भोवतालात जाते. आतली घडण टिकवण्याची ती किंमत. पृथ्वीचंही तसंच. सूर्याकडून ५८०० केल्विनचा प्रकाश येतो आणि जवळजवळ तेवढीच ऊर्जा २५५ केल्विनच्या अवरक्त किरणांतून परत जाते. आलेल्या प्रत्येक फोटॉनमागे वीसेक फोटॉन बाहेर पडतात. शेतातला ऊस ऊर्जेवर वाढतो असं म्हणतो आपण, पण येणारी आणि जाणारी ऊर्जा जवळपास सारखीच आहे. खरा फरक त्या एकाचे वीस होण्यात आहे.

प्रिगोजिन यांचं नाव नेहमी येतं. "गोंधळातून सुव्यवस्था" हे खरं का?

इल्या प्रिगोजिन यांना १९७७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. समतोलापासून दूर गेलं की पदार्थ आपोआप आकृतिबंध घेऊ शकतो आणि ऊर्जेचा प्रवाह चालू आहे तोवर तो टिकतो, हा त्यांच्या कामाचा गाभा. दोन उदाहरणं पक्की आहेत. द्रवाचा पातळ थर खालून तापवला की एका मर्यादेपर्यंत तो शांत असतो आणि मग एकदम नीटस कप्प्यांत फिरू लागतो. आँरी बेनार यांनी १९०० मध्ये हे पाहिलं, रेली यांनी १९१६ मध्ये त्याचं गणित मांडलं. मात्र बेनार यांच्या पातळ, वरून उघड्या थरात मुख्य काम पृष्ठताणाचं होतं, गरम द्रव हलका होऊन वर येण्याचं नाही, हे १९५८ मध्ये पिअर्सन यांनी दाखवलं. दुसरं उदाहरण बेलुसोव्ह-झाबोटिन्स्की क्रियेचं. बशीतल्या द्रावणात रंगाची वर्तुळं पसरत जातात, क्रिया पुढं-मागं झुलते.

एवढं शास्त्र. समाज, शेअर बाजार, अध्यात्म यांवर हे जसंच्या तसं लावणारी व्याख्यानं ऐकली असतील, त्यांत प्रवाह कुठला, रेटा कुठला, मोजला कसा, असं विचारा. उत्तर नसेल तर तिथं उष्मागतिकी नाही.

निसर्ग नेहमी एंट्रॉपी निर्मिती कमीत कमी ठेवतो, असं वाचलं. बरोबर?

सरसकट नाही. प्रिगोजिन यांचा हा प्रमेय फक्त समतोलाजवळ, गुणांक न बदलणारे असताना आणि स्थिर अवस्थेत लागू होतो. बेनारच्या कप्प्यांना तो लागू नाही.

रेणूंचे नियम दोन्ही दिशांनी चालतात, मग एंट्रॉपी कधी कमी होताना दिसते का?

लहान प्रणालीत, थोड्या वेळासाठी दिसते. एंट्रॉपीला रेणूंच्या नियमांशी जोडणाऱ्या बोल्ट्झमन यांच्यावर लोश्मिट यांनी १८७६ मध्ये हाच आक्षेप घेतला होता. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत त्याला आकड्यांचं उत्तर मिळालं. एंट्रॉपी वाढण्याची आणि तेवढीच घटण्याची शक्यता यांचं गुणोत्तर नेमकं किती, हे चढउतार प्रमेय सांगतो. यार्झिन्स्की यांनी १९९७ मध्ये दाखवलं की कितीही घाईनं, अपरिवर्तनीय रीतीनं काम केलं तरी अनेक वेळच्या कामाची विशिष्ट सरासरी घेतली की समतोलातला मुक्त ऊर्जेचा (काम देऊ शकणाऱ्या ऊर्जेचा) फरक बरोबर मिळतो. २००२ मध्ये आरएनएचा एक रेणू लेसरच्या चिमट्यानं ताणून ते पडताळलं गेलं. पाण्यानं भरलेल्या तांब्यात मात्र रेणू इतके आहेत की एंट्रॉपी डोळ्यांना दिसेल एवढी घटण्याची वाट विश्वाच्या वयातही संपणार नाही.

अभ्यास सुरू करायला काय लागतं? घरी काही करून पाहता येईल?

आंशिक अवकलन, थोडी मॅट्रिक्सची ओळख आणि पीयूसीची उष्मागतिकी पक्की असली की ऑनसागरपर्यंत जाता येतं. मेकॅनिकल, केमिकल, मटेरियल, बायोफिजिक्स, हवामान, यांतल्या कुठल्याही वाटेवर हा विषय भेटतोच.

प्रयोग करायचाच तर हा करा. तांब्याची एक आणि लोखंडाची एक अशा हातभर लांब तारा घ्या, पॉलिश कागदानं टोकं घासा आणि एका बाजूला घट्ट पीळ द्या. मोकळी टोकं मल्टिमीटरला जोडून २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर ठेवा. पीळ मेणबत्तीवर धरा, तारा पकडीनं धरा, हात दूर. आकडा मिलिव्होल्टच्या दशांशांनी चढत जाईल. आणखी तापवलं, २७०-२८० अंशांच्या पलीकडं गेलं की तो चढायचा थांबतो आणि उलटा खाली येऊ लागतो. याला उदासीन तापमान म्हणतात. सीबेक गुणांक स्वतः तापमानाबरोबर बदलतो आणि त्या जागी शून्यातून जातो, म्हणून असं होतं. प्रत्येक अर्ध्या मिनिटाला आकडा लिहून आलेख काढा. आडव्या अक्षावर वेळेऐवजी पिळाचं तापमान घेतलं तर तो परवलयासारखा उतरतो.